जुन्या रॅलेचं हॅन्डल वर आलं, पण टांग अडली

हे प्रकरण बडोद्यातलं आहे. माणसांची ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील थोडे बदलले आहेत. सायकलीची मापं, बदललेले भाग आणि झालेल्या चुका मात्र जशा होत्या तशाच लिहिल्या आहेत. त्यातल्या बहुतेक चुका माझ्याच आहेत.

पार्श्वभूमी

काका एकाहत्तर वर्षांचे. १९७९ साली कंपनीने त्यांना सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं, तेव्हा तिथे कारखान्यात जाण्या-येण्यासाठी त्यांनी एक वापरलेली रॅले घेतली. दहा गिअर, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हॅन्डल, अरुंद सीट. बरोबरचे लोक परत येताना टेपरेकॉर्डर आणत होते. काकांनी सायकल सुटी केली, खोक्यात भरली आणि जहाजाने पाठवून दिली. काकू अजून सांगतात, "लग्नाआधी मी रस्त्यावर आधी सायकल ओळखायचे, मग ह्यांना."

पुढे स्कूटर आली, मग गाडी. रॅले टेनामेंटच्या पार्किंगमध्ये भिंतीला टेकून राहिली ती वीसेक वर्षं. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा काकांच्या पार्किंगमध्ये दोन दिवस पाणी होतं. फ्रीज आणि सोफा भंगारात गेले. सायकल धुऊन पुसून पुन्हा भिंतीला टेकवली गेली. दिवाळीला मुलगी पुण्याहून आली, तिने ती टेम्पोत घातली आणि माझ्याकडे आणून उभी केली.

मी धंदेवाईक मेकॅनिक नाही. नोकरी टूलरूममध्ये झाली. निवृत्तीनंतर घरामागच्या खोलीत जुन्या सायकली उघडून बसतो. ताईंचं म्हणणं सरळ होतं: "दादा, बाबांना ही परत चालवायचीय. पण अशी वाकून नाही."

अडचण

काकांना मानेचा स्पॉन्डिलोसिस आहे. सायकल चालवायला डॉक्टरांची हरकत नव्हती, उलट गुडघ्यांसाठी ती चांगलीच म्हणाले. फक्त मान मागे मोडायची नाही. खाली वळलेल्या हॅन्डलवर नेमकं तेच होतं. धड पुढे झुकतं, आणि समोरचा रस्ता दिसावा म्हणून मान वर उचलून धरावी लागते. तरुणपणी हे जाणवत नाही.

काकांची गरज छोटी होती. सकाळी कमाटीबागेपर्यंत जाऊन यायचं, आठवड्यातून दोनदा खंडेराव मार्केटातून भाजी आणायची. सगळा रस्ता सपाट. बडोद्यात चढ म्हटला की एखादा फ्लायओव्हर नाहीतर रेल्वेवरचा पूल, आणि काकांच्या वाटेवर दोन्ही नव्हते.

मी पहिल्याच दिवशी सांगितलं की यात घालायचे पैसे आणि वेळ पाहता नवी, ताठ बसायची सायकल घेणं शहाणपणाचं. काका हसले. "नवी आणली तर ती तुमच्या पसंतीची सायकल होईल. ही माझी आहे." विषय तिथेच संपला. आज मागे वळून पाहताना वाटतं, तो जरा लवकर संपला.

सुटी केल्यावर काय दिसलं

बाहेरून वाटली त्यापेक्षा सायकल बरी होती. फ्रेम साध्या पोलादाची, जाड नळ्यांची, गंज वरवरचा. वजन काट्यावर साधारण तेरा किलो. पेडलं ज्यावर फिरतात त्या खालच्या धुऱ्यात, ज्याला दुकानात बीबी म्हणतात, पुराचा गाळ बसला होता. तो वाळून पार मातीचं खापर झाला होता.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. आमच्या बाजारातल्या दुकानदाराने नाव ऐकताच विचारलं, "रॅले म्हणजे आसनसोलची ना?" आसनसोलला सेन-रॅले सायकली बनायच्या, त्या त्याने आयुष्यभर दुरुस्त केल्या होत्या. ही मात्र नॉटिंगहॅमची. रॅले आपल्या बीबीच्या कपांना इंचाला २६ आटे ठेवायची, आणि एरवी ब्रिटिश पद्धतीच्या सायकलींना २४ आटे असतात. म्हणजे नवा कप दिसायला अगदी तसाच, पण दोन आट्यांनंतर अडकणार. तरीही जोर लावला तर फ्रेमचेच आटे जाणार. तेव्हा कप आणि धुरा जुनेच ठेवायचे, घासून स्वच्छ करायचे आणि फक्त छर्रे बदलायचे, असं ठरलं. पाव इंची, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा. दोन्ही कपांच्या चकाकीवर एखाद-दुसरा ठिपका होता. काकांच्या रोजच्या चार-पाच किलोमीटरला तेवढा चालतो.

क्रँकला, म्हणजे पेडलच्या दांड्यांना, कॉटर (त्यांना धुऱ्याशी पकडणाऱ्या पाचरीसारख्या खिळी) होते. परदेशातले शौकीन कॉटर म्हटलं की घाबरतात. आपल्याकडे प्रत्येक काळ्या सायकलला तेच असतात, आणि नाक्यावरचा पोरगाही कानस मारून नवा कॉटर बसवून देतो. अख्ख्या कामात सर्वांत सोपा भाग हाच ठरला.

हॅन्डलच्या खुंट्याने, म्हणजे स्टेमने, मात्र चार दिवस खाल्ले. ॲल्युमिनियमचा खुंटा लोखंडी नळीत वर्षानुवर्षं बसला की दोन्ही धातू एकमेकांना चावतात, आणि ओल असली तर जास्तच. वरचा बोल्ट दोन फेरे सैल करून त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकलं. आतली पाचर सुटल्याचा आवाज आला, पण खुंटा हलेना. कापून काढायचा की थांबायचं? कापलं तर काम त्याच संध्याकाळी पुढे सरकलं असतं. पण हॅन्डलसकट मूळ भाग गेला असता. मी थांबलो. सकाळ-संध्याकाळ रॉकेल आणि तेलाचे थेंब सोडत राहिलो. चौथ्या दिवशी पुढचं चाक गुडघ्यात धरून हॅन्डल पिळलं आणि ते करकरत निघालं.

त्याच संध्याकाळी काकांशी एक करार झाला. जे काढायचं ते परत बसवता आलं पाहिजे. काही कापायचं नाही, काही कानसायचं नाही, फ्रेमला भोक पाडायचं नाही, रंग जुनाच ठेवायचा. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून एका गोणीत. पुढच्या बऱ्याच निर्णयांना याच कराराने वळण दिलं.

पर्याय आणि निवड: चाकं

सर्वांत जास्त डोकं चाकांनी खाल्लं, आणि वाचणाऱ्याच्या कामाचंही यातच जास्त आहे.

मूळ चाकं २७ बाय सव्वा मापाची, क्रोमच्या लोखंडी रिमची. पुराच्या पाण्याने क्रोम फुगून पापुद्रे निघाले होते. टायर तर हाताने तुटत होते. आपल्याकडे सर्रास मिळतं ते २८ बाय दीडचं टायर, काळ्या सायकलीचं. दुकानदार म्हणाला, "चढी जशे, साहेब", म्हणजे चढेल. चढलंही. इतक्या सहज चढलं की तिथेच मला शंका यायला हवी होती.

नाव २७ आणि २८ असलं तरी टायर बसतं ते त्याच्या कडेच्या तारेच्या व्यासावर. २७ बाय सव्वाच्या रिमला तो व्यास ६३० मिलीमीटर आणि २८ बाय दीडच्या टायरचा ६३५. फरक पाचच मिलीमीटरचा, पण घेरात तो जवळजवळ सोळा होतो. चाळीस पौंड हवेपर्यंत टायर गुपचूप बसून होतं. पन्नासच्या आसपास ते एका बाजूने रिमवरून उचललं गेलं, ट्यूब बाहेर आली आणि खोलीत असा धमाका झाला की शेजारचे कोठारी धावत आले. रस्त्यावर, काका वर बसलेले असताना हे झालं असतं तर काय, हा विचार मी आजही फार करत नाही.

मग दोन वाटा उरल्या. २७ बाय सव्वाचे टायर बाहेरून मागवायचे आणि रिम पुन्हा क्रोम करून घ्यायच्या, की रिमच बदलायच्या. मूळपणाचा मोह होता. पण टायर दर वेळी मागवावे लागणार, आणि पावसाळ्यात ओल्या क्रोमवर ब्रेकचे गुटके घसरतात. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला तसा ब्रेक द्यायचा नाही, यावर माझं आणि ताईंचं लगेच एकमत झालं.

७००सी मापाच्या ॲल्युमिनियमच्या रिम घ्यायचं ठरलं. हे माप हल्लीच्या सायकलींना सगळीकडे असतं, टायर-ट्यूब कुठेही मिळतात. त्याचा व्यास ६२२, म्हणजे जुन्या रिमपेक्षा आठ मिलीमीटर कमी, आणि ब्रेकचे गुटके चार मिलीमीटर खाली आणावे लागणार. जुने वाइनमान ब्रेक लांब हातांचे होते, गुटक्यांच्या खाचेत तेवढी जागा निघाली. हब जुनेच ठेवले. छत्तीस भोकांच्या रिमही मिळाल्या. नव्या तारांनी चाकं मीच बांधली आणि आऊट, म्हणजे फिरताना होणारं डुलणं, काढायला आमच्या जुन्या उस्तादांकडे नेली. हात थरथरतो, पण चाक फिरवून कानाने ऐकतात आणि तार ओळखतात.

टायर किती रुंद घ्यायचं? ताठ बसलं की रस्त्याचा धक्का थेट कण्यात जातो, तेव्हा टायर जितकं फुगीर तितकं बरं. ३८ मिलीमीटरचं लावून पाहिलं तर मागच्या चिमट्यात, म्हणजे चाकाच्या दोन बाजूंच्या नळ्यांमध्ये, बीबीजवळ घासत होतं. ३५ चं बसलं, दोन्ही बाजूंना करंगळीच्या नखाएवढी जागा सोडून.

हॅन्डल, सीट, गिअर

मागे वळलेलं, साध्या सायकलीसारखं हॅन्डल आणि उंच खुंटा. दोन्ही लोखंडी, स्वस्त. खुंट्यावर कमीत कमी किती भाग आत राहायला हवा त्याची रेघ असते. ती झाकलेली राहील तेवढाच वर घ्यायचा, त्याहून वर नाही. हात वीतभर मागे आणि अर्धी वीत वर आले. जुन्या ब्रेकच्या मुठी नव्या हॅन्डलवर बसत नाहीत, कारण शिंगांच्या हॅन्डलची नळी जाड असते. तारेच्या टोकाचा मणीही वेगळा: तिथे नाशपातीच्या आकाराचा, इथे आडवा गोल. म्हणून मुठी, तारा आणि आवरण सगळं नवं.

हॅन्डल वर आलं की रेसिंग सायकल आरामशीर होते, असा समज आहे. तो अर्धाच खरा. काळ्या सायकलीत सीटची नळी चांगली मागे कललेली असते, जमिनीशी ६६ ते ६८ अंशांचा कोन. माणूस पेडलांच्या मागे, खुर्चीत बसल्यासारखा बसतो. रेसिंग फ्रेममध्ये तीच नळी ७३ अंशांच्या आसपास उभी. त्यावर हॅन्डल उंच केलं की हातांवरचा भार जातो, पण तो नाहीसा होत नाही, सगळा सीटवर येतो. पहिल्या चक्करीनंतर काका उतरले आणि म्हणाले, "मान ठीक. बूड नाही."

मऊ, खूप रुंद सीट आणली तर मांड्या घासू लागल्या. ती परत केली. मग स्प्रिंगची, मध्यम रुंद सीट. सीटची जुनी क्लिप उलटी फिरवून लावली तर सीट अडीच सेंटिमीटर मागे सरकते, ही युक्ती उस्तादांची. फुकटातला इतका फायदा दुसऱ्या कुठल्या गोष्टीत झाला नाही.

गिअरच्या कळा खालच्या तिरक्या नळीवर होत्या. ताठ बसलेल्या माणसाने वाकून तिथे हात नेणं म्हणजे तोल जाण्याला आमंत्रण. सगळे गिअर काढून एकच ठेवायचा विचार होता, काकाही तयार होते. पण समोरून वारा असला की सपाट रस्ताही चढ होतो. पुढचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, काढला, पुढे ४० दात्यांचं लहान चक्र कायम ठेवलं आणि मागचे पाच गिअर अंगठ्याच्या एका कळीवर आणले. मागचा जुना सिम्प्लेक्स डिरेलर प्लास्टिकचा होता. हातात घेतला तर त्याचा कान तुटून पडला, तेव्हा साधा नवा लावला. आता सर्वांत हलक्या गिअरमध्ये पेडलच्या एका फेऱ्याला सायकल तीन मीटर जाते आणि सर्वांत जड गिअरमध्ये सहा. पूर्वी ५२ बाय १४ ला आठ मीटर जायची. आपल्या काळ्या सायकलीला ४४ बाय १८ असेल तर सुमारे साडेपाच पडतात. काका बहुतेक वेळ मधल्या गिअरमध्येच असतात.

शेवटी मडगार्ड, घंटी, मागे कॅरियर आणि कॅरियरवर भाजीची टोपली. एकूण खर्च ८,६०० रुपये, माझी मजुरी न धरता.

पहिला निकाल

जानेवारीतल्या एका रविवारी काका आले. माझ्या घराला रस्त्याच्या कडेने ओटा आहे. मी सायकल ओट्याला लावून धरली, काका ओट्यावरून सीटवर बसले, मी हळूच सोडलं. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले, पुन्हा ओट्याशी थांबले, मी धरली, ते उतरले. मान सरळ, चेहऱ्यावर सव्वीस वर्षांचा मुलगा. मी त्यांचे खांदे, कोपर, मनगटं निरखून पाहत होतो. सगळं मनासारखं.

ही चाचणी किती खोटी होती ते पंधरा दिवसांनी कळलं. ताईंचा पुण्याहून फोन आला. बाबा सायकल काढतच नाहीत, विचारलं तर थंडी आहे म्हणतात. मी घरी गेलो. काकांनी मलाही थंडीच सांगितली. बडोद्याची थंडी ती, दहा वाजता पंखा लावावा लागतो. चहा द्यायला काकू आल्या आणि म्हणाल्या, "कोपर दाखवा की ह्यांना."

झालं होतं असं. काका आयुष्यभर धावती टांग टाकत आले. डावा पाय पेडलवर, दोन ढकले, आणि उजवा पाय मागून सीटवरून पलीकडे. कमाटीबागेच्या फाटकापाशी परत निघताना त्यांनी सवयीने तेच केलं. पाय मागच्या टोपलीला अडकला आणि ते सायकलीसकट आडवे झाले. लागलं फारसं नव्हतं. फुगेवाल्याने उठवलं. पण लोकांसमोर पडले होते, आणि ते कुणाला सांगायचं नव्हतं.

मी तिथेच खिशातली टेप काढून आधीच करायला हवं होतं ते मोजमाप केलं. फ्रेम २३ इंची, वरची नळी जमिनीपासून ८४ सेंटिमीटरवर. काकांच्या पायांचं आतलं माप ७९. म्हणजे दोन्ही पाय जमिनीवर टेकून सायकलीच्या दोन बाजूंना उभं राहणं त्यांना शक्यच नव्हतं, कधीच नव्हतं. तरुणपणी धावत्या टांगेने ते झाकलं गेलं होतं. आता उजवा खुबा आखडलेला. हे त्यांनी सांगितलं नाही, कारण वीस वर्षांत पाय इतका वर उचलायची वेळच आली नव्हती. आणि मी विचारलं नाही. मी मानेचं विचारलं, पाठीचं विचारलं, मनगटांचं विचारलं. चढता कसे आणि उतरता कसे, हे विचारायचं राहिलं.

दुसऱ्यांदा विचार

आता पुन्हा पर्याय. चाकं लहान केली तर? २६ बाय एक तीन-अष्टमांशचं माप आपल्याकडे सहज मिळतं. पण हिशेब केला तर नळी जेमतेम दीड-पावणेदोन सेंटिमीटर खाली येते, पाच हवे असताना. शिवाय ब्रेकचे गुटके रिमपर्यंत पोचत नाहीत. नुकतीच बांधलेली चाकं वाया. हा पर्याय गेला.

दुसरा पर्याय मला आजही सर्वांत बरोबर वाटतो. नळी खाली वळलेली, लेडीज फ्रेम घ्यायची आणि या सायकलीचे सगळे नवे भाग तिच्यावर चढवायचे. हॅन्डल, सीट, चाकं, बहुतेक सगळं गेलं असतं. काकूंनी तर म्हटलंही, "त्यात काय, मीसुद्धा चालवेन." काकांनी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा नाही. हे बरोबर केलं की चूक, ठरवता येत नाही. पुन्हा पडले असते तर म्हणालो असतो की हट्ट धरायला हवा होता.

मग जे होण्यासारखं होतं ते केलं. कॅरियर आणि टोपली काढली, सीटच्या मागे काही म्हणजे काही ठेवलं नाही. लहान टोपली पुढे लावली. सीट दोन सेंटिमीटर खाली घेतली, पेडल मारताना गुडघा थोडा जास्त वाकतो तो वाकू दिला. आणि काकांना चढणं नव्याने शिकवलं. एकाहत्तराव्या वर्षी, सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर, दुपारी, कुणी बघत नसताना.

पद्धत अशी. दोन्ही ब्रेक दाबून धरायचे. सायकल आपल्याकडे, डावीकडे, इतकी कलवायची की वरची नळी गुडघ्याच्या आसपास येते. मग उजवा पाय नळीवरून पुढच्या बाजूने पलीकडे न्यायचा, सीटवरून नाही. सायकल सरळ करत उजवं पेडल वर आणायचं, त्यावर भार देत सीटवर बसायचं. थांबताना रस्त्याच्या डाव्या कडेला यायचं, डावा पाय फुटपाथच्या कठड्यावर टेकायचा. आपण डावीकडून चालवतो हे इथे कामी येतं. कठडा नसेल तर थांबण्याआधीच सायकल डावीकडे कलती ठेवायची. काकांना चार दुपारी लागल्या. पहिल्या दोन दुपारी ते माझ्यावर चिडले होते, तिसऱ्या दिवशी स्वतःवर, चौथ्या दिवशी जमलं.

पुढच्या टोपलीने नवा प्रश्न आणला. एकदा काकांनी पाच किलो बटाटे त्यात घातले आणि हॅन्डल डुलायला लागलं, रिकाम्या रस्त्यावर सायकल सापासारखी गेली. आता तीन किलोंची मर्यादा आहे आणि ती काकू पाळायला लावतात.

पुढचं वर्ष

त्यानंतर काका आठवड्यातून चार-पाच दिवस सायकल काढतात. मानेची तक्रार नाही. अर्ध्या तासाच्या पुढे गेलं की कंबर बोलते, विशेषतः बंपांवर. हवा पंचावन्न पौंडांवरून पंचेचाळीसवर आणली तेव्हा ते थोडं कमी झालं. पावसाळ्यात ओल्या ॲल्युमिनियमच्या रिमवर ब्रेक नीट लागले. काका मात्र पाऊस पडत असताना निघत नाहीत, थांबला की निघतात.

बीबी सहा महिन्यांनी पुन्हा उघडली. एका बाजूच्या कपावरचा ठिपका मोठा झाला आहे. तो कप जाईल तेव्हा २६ आट्यांचा जुना कप शोधत फिरावं लागेल. तोपर्यंत दर हिवाळ्यात ग्रीस आणि छर्रे.

पुन्हा करायचं झालं तर

सायकल उघडण्याआधी माणसाला मोजेन. आणि माझ्या ओट्यावरून नाही, रस्त्याच्या मधोमध, मी हात न लावता त्याला चढून आणि उतरून दाखवायला सांगेन. आता कुणी जुनी सायकल घेऊन आलं की मी हेच पहिलं करतो. दोन गिऱ्हाइकं त्यामुळे परत गेली आहेत. एक नाराज होऊन, एक हसून.

कॅरियर लावायच्या आधी टांग कशी टाकता हे विचारेन. टायर सहज चढलं तर थांबेन. नवी रिम आणि तारांवर इतका खर्च करण्याआधी एखाद्या जुन्या हायब्रिडची तयार चाकं शोधेन, मागच्या चाकाची रुंदी जुळवून घ्यावी लागली तरी.

ताठ हॅन्डलबद्दल, सीटबद्दल, गिअरबद्दल मी काही बदलणार नाही. भाग परत बसवता येण्याचा करारही ठेवेन. काकांचा नातू आता सोळा वर्षांचा आहे, काकांपेक्षा चार बोटं उंच, आणि दिवाळीला आला तेव्हा गोणीतलं शिंगांचं हॅन्डल काढून बघत होता.

गेल्या महिन्यात काकांच्या घरासमोरचा रस्ता नव्याने झाला. जुना न खरवडता वरच डांबर ओतलं, त्यामुळे रस्ता चार बोटं वर आला आणि फाटकाजवळच्या पायरीची उंची तेवढी कमी झाली. घरून निघताना काका अजून त्या पायरीवरूनच चढतात, कलवायची पद्धत बाहेर वापरतात. आता पायरी कमी पडते म्हणून त्यांनी तिच्यावर कोटा स्टोनची एक लादी आणून ठेवली आहे. लादी हलते. सिमेंट लावायला मला बोलावलं आहे.